थोरलीचा फोन

धाकटा हाताबाहेर गेला होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तो दिवसभर हेडफोन चढवून गेम खेळायचा आणि असा ओरडायचा, की खाली नंबर तपासायला बसलेलं गिऱ्हाईक दचकून भलतंच अक्षर वाचायचं. कॉलेज सुटलं, आंघोळही सुटली. एकदा बाबांनी नेटची तारच उपटली, तर त्याने लाथ घालून दाराची फळी फोडली. आई त्याला 'महाराज' म्हणायची, आधी लाडाने आणि आता कपाळाला हात लावून.

थोरली त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, बाबांचा उजवा हात. सकाळी स्वयंपाक, मग दुकान. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, काड्या वाकवून कानामागे टोचत नाहीत ना ते बघायचं. समोर काचांच्या ट्रेला टेकवून मोबाइल उभा असायचा. सुरुवातीला तिने नव्या फ्रेम घालून दुकानासाठीच फोटो टाकले होते. हळूहळू फ्रेम गेल्या आणि नुसता चेहरा उरला. कुणी 'सुंदर' म्हटलं की दिवस सोन्याचा. कुणी काहीच म्हटलं नाही तर ती तो फोटो पुसून दुसरा टाकायची, आणि इतर मुलींचे चेहरे बघत बसायची. त्यांच्या कंबरा, त्यांच्या सहली, त्यांचे नवरे. भाजी ढवळताना, कपडे वाळत घालताना, बाथरूममध्येसुद्धा. ताटातलं अर्धं जेवण ती गुपचूप परत टाकायची. पण घरातलं एकही काम अडत नव्हतं, मग बोलणार कोण?

शेवटी धाकट्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. ताई बरोबर असेल तरच येईन म्हणाला, म्हणून तीही गेली.

"ओरडतो का? वस्तू फेकतो? अभ्यास, काम सगळं सुटलंय?" डॉक्टरीणबाई विचारत होत्या आणि बाबा मान डोलवत होते. थोरली मनातल्या मनात आपली उत्तरं देत होती. ओरडत नाही. फेकत नाही. काम करते.

"नेट बंद पडलं की जीव घाबरा होतो?"

होतो, थोरली मनात म्हणाली. सगळे उठले तशी ती मागे रेंगाळली. "डॉक्टर, फोन माझ्याच्यानेही सुटत नाही."

बाबा हसले. "हिचं काय घेऊन बसलात! पोरी बघतातच जरा नटणंमुरडणं. अहो, घर, दुकान सगळं हीच तर ओढते."

"कामं होतायत ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग झोपताना फोन लांब ठेवत जा." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

धाकट्याला गावाबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तो गेला त्याच दिवशी थोरलीने मोबाइल आईच्या हातात दिला. "कपाटात ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

दुपारी आईनेच तो आणून तिच्यापुढे आदळला. "केंद्रात हाच नंबर दिलाय. भावाचा फोन येईल आणि तू कुलपात ठेवतेस? काळीज आहे का दगड?"

तेव्हापासून ती फोन हातात घेऊन बसली की आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "भावाकडे डोळे लागलेत बिचारीचे."

एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा चष्मा करायला आला होता. त्यांच्या एका डोळ्याचा नंबर साधा आणि दुसऱ्याचा भारी. त्या दुपारी थोरलीच्या एका जुन्या, फ्रेम घातलेल्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं, 'नाकावर चष्मा आहे की चष्म्यावर नाक?' खाली हसणाऱ्यांची रांग लागली. ती पुन्हा पुन्हा तेच वाचत राहिली आणि हातांनी काचा बसवल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.

काही दिवसांनी बाई मनगटाला प्लास्टर घालून दुकानात आल्या. "नवा चष्मा आहे, होईल सवय, असं म्हटलं मी," त्या म्हणाल्या, "पण जिन्याची शेवटची पायरीच दिसली नाही."

बाबांनी काचा तपासल्या. त्यांचा चेहरा उतरला. "लक्ष कुठे होतं तुझं?"

"फोनमध्ये," थोरली स्पष्ट म्हणाली.

"असणारच! भाऊ तिकडे, जीव इकडे टांगणीला." ते बाईंकडे वळले. "एका पोरामुळे घरादाराची रया गेली बघा."

"बाबा, त्याच्यामुळे नाही हो, मीच..."

"पुरे. किती पाठीशी घालशील त्याला? थोडे दिवस वर आराम कर."

बाईंनी चांगल्या हाताने तिचा गाल कुरवाळला.

असं तिचं दुकान सुटलं. आता अख्खा दिवस, ती आणि मोबाइल. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. आई म्हणायची, काळजीने झडतात.

धाकटा परत आला तो अंगाने सुटलेला, हळू बोलणारा. बाबांनी घरचं नेट आधीच तोडलं होतं. त्याला दुकानात थोरलीच्या स्टुलावर बसवलं. एके दुपारी तो चहाचं सांगायला वर आला आणि दारातच उभा राहिला. तिला पत्ताही नव्हता.

"ताई, तुलाही लागलंय हे."

तिने मान वर केली आणि एकदम रडायलाच लागली. "तुला कळलं?"

"न कळायला काय झालं? तिथे सगळे असेच बसलेले असायचे."

"तिथे मुलींना घेतात?"

"सोयच नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, मुलींना कुणी आणतच नाही."

"तू सांग ना आईबाबांना. माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील."

तो तिच्याशेजारी बसला. त्याची नजर मोबाइलवर गेली, आणि गुडघा हलायला लागला. "सांगतो," तो म्हणाला. "उद्या नक्की. आधी तुझं नेट देतेस जरा? माझ्या फोनवर घेतो. खेळत नाही, नुसतं बघतो. आमच्या टीममधले कोण कोण उरलेत तेवढंच."

तो नुसतं बघणार नाही हे तिला त्याच्याहून जास्त कळत होतं. नाही म्हणायला तिने तोंडही उघडलं. मग उद्याचा विचार आला. हा सांगणार, बाबा हात पुढे करणार, फोन जाणार. तिची मूठ आपोआप आवळली.

"नको सांगूस कुणाला," ती म्हणाली, आणि तिने हॉटस्पॉट चालू केला.

खालून बाबांनी चहासाठी दोनदा हाक मारली. ती धाकट्याला ऐकूच गेली नाही. थोरलीला गेली, पण ती उठली नाही. शेवटी आईच वर आली. दोघं भिंतीला टेकून, खांद्याला खांदा लावून, अगदी गप्प बसलेली तिला दिसली. तिचे डोळे भरून आले. किती दिवसांनी भावंडं अशी एकत्र बसलीत, म्हणत तिने स्वतःच चहा टाकला आणि आवाज होऊ नये म्हणून दार हलकेच लोटून घेतलं.