मान टाकणारा कॅमेरा

नरसिंहमूर्तींनी आयुष्यात कुठलीही वस्तू चटकन विकत घेतली नव्हती. मैसूरजवळच्या बेळगोळला एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म माल तपासण्यात घालवला होता, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून घरातल्या वस्तू धारेवर धरल्या होत्या. नवा कुकर आणायचा तर शिट्टीचा आवाज दुकानातच ऐकायचा. छत्री घ्यायची तर दुकानाबाहेर उभं राहून ती वाऱ्यात उलटते का ते पाहायचं. त्यांच्या पत्नीला, तुंगाबाईंना, याची सवय होती. त्या छत्रीशिवायच भिजत घरी जायच्या.

तुंगाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं. स्वतःच्या पैशांनी त्यांनी एक चांगला कॅमेरा आणि दुधीभोपळ्याएवढी लेन्स घेतली, आणि रोज सकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर जायला लागल्या. कॅमेरा जड, म्हणून तिपाई आली. तिपाईच्या डोक्यावर कॅमेरा बसतो तो बॉल हेडवर. म्हणजे खोबणीत बसवलेला एक गोळा. बाजूची कळ सैल केली की कॅमेरा हवा तिकडे वळतो, आवळली की जागच्या जागी थांबतो. निदान थांबायला हवा.

तुंगाबाईंचा थांबत नव्हता. पक्षी नीट चौकटीत घेतला, कळ आवळली, हात काढला, की लेन्स हळूहळू मान टाकायची. वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं पोर जेवणानंतरच्या तासाला टाकतं तशी. परिणाम असा की तुंगाबाईंच्या संग्रहात करकोचे, बगळे, खंड्या, सगळे होते, पण डोकं कोणालाच नव्हतं.

"हा काय खाटिकखाना आहे की पक्षिनिरीक्षण?" नरसिंहमूर्ती फोटो पाहून म्हणाले.

"बॉल हेडचा दोष आहे," तुंगाबाई म्हणाल्या.

दोष हा शब्द कानावर पडताच नरसिंहमूर्तींच्या अंगात तरतरी आली. त्यांनी तिपाई हॉलमध्ये उभी केली. महागाची लेन्स पणाला लावायची नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातला वरवंटा काट्यावर ठेवून पाहिला. वजन जवळजवळ तेवढंच भरलं. मग एका फळीला तळाशी नट बसवून वरवंटा परकराच्या नाड्याने तिच्यावर घट्ट बांधला, फळी बॉल हेडवर चढवली आणि कळ आवळली.

वरवंटा हलला नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. चटणी मिक्सरमध्ये करावी लागली.

"दोष आहे," त्यांनी निकाल दिला, "पण मधूनच येणारा. हा सगळ्यात वाईट प्रकार. पकडता येत नाही. नवंच घ्यायला हवं."

"मग आणा की सुम्ने एक," तुंगाबाई म्हणाल्या. सुम्ने म्हणजे उगाच, सहज, फार विचार न करता. मैसूरच्या मराठी घरांत हा कन्नड शब्द दिवसातून दहादा वापरला जातो, पण नरसिंहमूर्तींनी तो कधी आचरणात आणला नव्हता.

पुढचा सगळा महिना त्यांनी अभ्यासात घालवला. गोळा केवढा असावा, किती भार पेलावा, पितळेचा स्क्रू बरा की पोलादाचा. परदेशातले दाढीवाले लोक बॉल हेडबद्दल तासन् तास बोलतात, ते व्हिडिओ त्यांनी जेवताना ऐकले. शेवटी एका सकाळी वरवंटा टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातला, फळी आणि नाडा घेतला आणि ते नजरबादला वेंकटरमणच्या दुकानात गेले.

वेंकटरमणच्या घरी पिढ्यान् पिढ्या शिवणकाम. दुकानाच्या अर्ध्या भागात त्याचा भाऊ अजून ब्लाउज शिवत होता, उरलेल्या अर्ध्यात याने कॅमेऱ्याचं सामान मांडलं होतं. पिशवीतून वरवंटा बाहेर आला तेव्हा तो म्हणाला, "सार, इथे वाटण नाही करत."

"भार तपासायचाय," नरसिंहमूर्ती गंभीरपणे म्हणाले. "जेवढी बॉल हेड्स आहेत तेवढी काढ."

वेंकटरमणने काढली. नरसिंहमूर्तींनी एकेकावर वरवंटा चढवला, तिरका केला, कळ आवळली आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. पहिल्या हेडने लगेच मान टाकली. दुसऱ्याने थोड्या वेळाने. तिसरं ठीक होतं, पण कळ त्यांना शोभेची वाटली. नळाच्या चावीसारखी मोठी, वर नारिंगी रबराची टोपी.

"हे काय खेळणं?"

"अय्यो, चांगलं आहे सार. लोक नेतात."

"लोक काहीही नेतात."

चौथं हेड काळंभोर, मोसंबीएवढ्या गोळ्याचं, कळ लहान आणि दणकट. त्यावर वरवंटा जवळजवळ आडवा केला तरी तसूभर हलला नाही. नरसिंहमूर्ती कौतुकाने मागे सरले. तेवढ्यात गोकुलममध्ये योग शिकणारी एक परदेशी मुलगी फोनचा स्टँड घ्यायला दुकानात आली. तिपाईवर उंच विराजमान झालेला, नाडा गुंडाळलेला तो गुळगुळीत काळा दगड आणि त्याच्यासमोर स्तब्ध उभे असलेले गंध लावलेले वृद्ध गृहस्थ तिने पाहिले. तिने चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले, आणि स्टँड न घेताच हळूच निघून गेली.

"गिऱ्हाईक गेलं," वेंकटरमण म्हणाला.

"मी काही म्हटलं का तिला?" नरसिंहमूर्ती पुटपुटले. वरवंट्याला नमस्कार करू देणं बरं की वाईट, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

काळं बॉल हेड तिपाईवर चढलं. दुसऱ्या दिवशी तुंगाबाई तळ्यावर गेल्या आणि न्याहारीच्या वेळी परत आल्या. नरसिंहमूर्तींनी उत्सुकतेने कॅमेरा हातात घेतला. एक करकोचा होता. ऐटदार पाय, गुलाबी शेपूट. डोकं नव्हतं.

त्यांना हा अपमान सहन झाला नाही. जे हेड त्यांनी पास केलं होतं, ते नापास होत होतं. "उद्या मी येतो," ते म्हणाले.

"बेडा," तुंगाबाई घाईने म्हणाल्या. नको म्हणताना त्यांच्या तोंडी नेहमी कन्नडच यायचं. "तुम्ही बोलता. पक्षी उडतात."

"मौन पाळीन."

ते खरंच गेले आणि खरंच गप्प बसले, तळ्याकाठच्या बाकावर, पत्नीपासून थोडे मागे. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या येऊन बसला. तुंगाबाईंनी लेन्स वळवली. मग त्यांनी उजव्या हाताने कळ धरली, थोडी फिरवली आणि हात झटकला. पदराचं टोक कळीभोवती गुंडाळलं, दोन्ही हातांनी पुन्हा धरली, ओठ घट्ट मिटले. कळ अर्धी फिरली असेल नसेल, त्यांनी सोडून दिली. लेन्सने मान टाकली. खंड्या उडाला.

नरसिंहमूर्ती बाकावरून उठले आणि जवळ गेले. एवढी वर्षं त्यांनी यंत्रं तपासली होती, पण यंत्र चालवणारा हात तपासायचा असतो हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि लोणच्याची बरणी! गेलं वर्षभर ती त्यांच्यासमोर येत होती. "तुमचा हात लागला की लोणचं टिकतं," असं तुंगाबाई म्हणायच्या, आणि ते फुशारून झाकण उघडून द्यायचे.

"अंगठा?" त्यांनी विचारलं.

"स्वल्प दुखतो," तुंगाबाई पाण्याकडे पाहत म्हणाल्या. "थोडासाच."

"कधीपासून?"

"लेन्स घेतल्यानंतर लगेच. म्हणून तर सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, बघ, आधी विचार करायला हवा होता."

ते असंच म्हणाले असते, अगदी याच शब्दांत. "पण मग बॉल हेडचा दोष का सांगितलास?"

"गोळ्याला वाईट वाटत नाही म्हणून."

नरसिंहमूर्तींना हसू आलं. ते दाबताना ते खोकले. एक पाणकावळा उडाला. "हे बघा," तुंगाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी दोघं आधी हाडांच्या डॉक्टरकडे गेले. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला होता. डॉक्टरांनी पट्टा दिला, शेकायला सांगितलं, आणि कॅमेरा बंद करायची गरज नाही, जोर लावणं बंद करा, असं म्हणाले. तिथून दोघं नजरबादला. वेंकटरमणने पिशवीकडे संशयाने पाहिलं.

"दगड नाही आणला," नरसिंहमूर्ती म्हणाले. "आज या तपासणार आहेत."

तुंगाबाईंनी डोळे मिटले आणि एकेका हेडची कळ फिरवून पाहिली. नरसिंहमूर्ती हात पाठीमागे बांधून उभे होते. मध्येच पुढे येणारा उजवा हात डाव्याने मागे ओढत होते. तुंगाबाई एकापाशी थांबल्या. बोटांच्या पेरांनीच कळ फिरली, अंगठ्याची गरजच पडली नाही. त्यांनी डोळे उघडले. नळाची चावी, नारिंगी टोपी.

"हेच," त्या म्हणाल्या. "आणि रंग किती छान!"

वेंकटरमणने नरसिंहमूर्तींकडे पाहिलं. नरसिंहमूर्तींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. "पॅक कर," ते म्हणाले. काळं हेड वेंकटरमणने बदलून घेतलं, वर एवढंच म्हणाला की सार वरवंटा घेऊन पुन्हा आले तर बोर्ड लावावा लागेल, चपला बाहेर काढा म्हणून.

रविवारी दोघं तळ्यावर होते. तुंगाबाईंनी लेन्स फांदीवर लावली, बोटांनी कळ फिरवली आणि हात काढला. लेन्स होती तिथेच राहिली. बऱ्याच वेळाने खंड्या आला, पाण्यात सूर मारला आणि परत फांदीवर बसला. कॅमेरा खटखटला. मग खंड्या गेला.

नरसिंहमूर्ती पडद्यावर वाकले. डोकं होतं. चोच होती. चोचीत चंदेरी मासा होता, त्याचा खवला न् खवला स्पष्ट दिसत होता. खंड्या मात्र धुक्यात असल्यासारखा अस्पष्ट होता.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बोला आता, उडालाय तो," तुंगाबाई म्हणाल्या.

"मासा," नरसिंहमूर्ती म्हणाले, "फार सुंदर आलाय."