साडेचार बोटांचं कुंकू

थपडेचं भूमिकाला काही नव्हतं. गिरजाआत्याचा हातच तसा, चहा उतू गेला तरी आधी पातेल्याला बडवणारा. पण ही थप्पड भर लाइनीसमोर बसली होती. सातबाऱ्याला आलेले, दाखल्याला आलेले, स्कॉलरशिपच्या फॉर्मला आलेली तिच्याच कॉलेजची दोन पोरं, सगळे बघत होते. आणि ज्याच्यामुळे बसली तो माणूस आत्याच्याच खुर्चीत बसून आत्याचाच चहा फुरके मारत पीत होता.

साईनाथ सर. शहापुरात त्याला सगळे सर म्हणायचे, कारण त्याच्या दुकानाच्या पाटीवर रिपेअरिंगच्या खाली 'कॉम्प्युटर क्लास' असं लिहिलेलं होतं. क्लासला आजवर कोण गेलं, ते पाटीलाच ठाऊक.

झालं होतं असं. आत्याचं दुकान एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. अकरावी सायन्सची भूमिका सकाळचं कॉलेज सुटलं की खर्डीला घरी जाण्याआधी तिथे दोन तास बसायची, कॉम्प्युटरसमोरच्या फिरत्या खुर्चीत. ती खुर्ची म्हणजे तिची जहागीर. म्हातारी माणसं यायची, "बाय, माजा येवढा फारम भर गो," म्हणायची, आणि भूमिका बोटं कडाकडा मोडून कीबोर्डवर तुटून पडायची. दसऱ्यानंतर मात्र कॉम्प्युटर रांगायला लागला. एक फाइल उघडायला सांगावी आणि तोवर वडापाव खाऊन, हात धुऊन यावं.

आत्याने साईनाथ सरला बोलावलं. त्याने दोन बटणं दाबली, मान हलवली, जसा काय नाडी बघून वैद्य उठतो.

"गेली, वहिनी. हार्ड डिस्क गेली. ह्या पोरीने गेम टाकले असणार."

"मी एकपण गेम टाकला नाय!" भूमिका ओरडली.

"मग काय डिस्क आपोआप मेली? पोरींनी मेंदी काढावी. मशीनला हात लावायचं काम नाय त्यांचं."

लाइन हसली. भूमिका सरला काहीतरी फाडकन बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि आत्याचा हात सुटला.

सरने नवीन डिस्क बसवली, जुनी पिशवीत टाकली. "ही आता भंगारात," म्हणाला. कॉम्प्युटर पळायला लागला, आत्या खूश झाली, आणि भूमिकाची फिरती खुर्ची गेली. तिला झेरॉक्सच्या बाजूचं स्टूल मिळालं आणि हातात स्टेपलर. रोज शेदीडशे टाचण्या. प्रत्येक टाचणी मारताना तिच्या डोळ्यासमोर एकच टक्कल असायचं, सरचं.

अशी दिवाळी गेली. म्हसा गावची पौषातली जत्रा गेली. भूमिकाचा राग काही गेला नाही. उलट लोणच्यासारखा मुरला.

मग जत्रेनंतरच्या एका शनिवारी ती मुरबाडला मावशीकडे गेली. मावसबहीण काजलच्या घरी 'नवीन' कॉम्प्युटर आलेला. नवीन म्हणजे म्हशाच्या जत्रेत, बैलबाजार संपतो तिथे एक स्टॉल लागलेला, तिथून घेतलेला जुनाच, पण 'टेस्टेड' म्हणून.

"पंखा लय आवाज करतो गो, भूमे," काजल म्हणाली. "बघतेस का जरा?"

भूमिकाने स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, रंगवायचा ब्रश घेतला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

आतल्या हार्ड डिस्कवर एक पांढरं स्टिकर होतं, 'टेस्टेड ओके'. त्या स्टिकरच्या खालून लाल रेघा बाहेर आल्या होत्या. तिने नखाने स्टिकर खरवडलं. कुंकवाची ओढलेली बोटं. चार लांब. आणि करंगळीच्या बाजूचं एक अर्धवट, मध्येच संपलेलं.

गिरजाआत्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर नाही. लहानपणी भात झोडायच्या मशीनमध्ये गेलं. आणि दर दसऱ्याला आत्या दुकानातल्या सगळ्या अवजारांची पूजा करते. झेरॉक्स मशीनला बोटं ओढते, स्टेपलरला, कुलपाला. कॉम्प्युटरचं तर झाकण काढून आत. "वरच्या पत्र्याची काय पूजा करायची? काम तर आतली करते," असं तिचं म्हणणं. तिला डिस्कच मुख्य, हे कोणीतरी सांगितलेलं. त्यामुळे डिस्कला तेलात कालवलेलं कुंकू आणि वर अक्षता.

"काजे," भूमिका हळूच म्हणाली, "स्टॉलवाला टकला होता का गो?"

"होता. तुला कसं कळलं?"

भूमिका एवढ्या मोठ्याने हसली की मावशी चुलीपुढून उठून बघायला आली.

पण नुसतं कुंकू पुरे नव्हतं. सर म्हणेल, डिस्क मेलेली, मी जिवंत केली. म्हणून तिने डिस्कचा वेग मोजणारं एक छोटं सॉफ्टवेअर मोबाइलवरून आणून काजलच्या कॉम्प्युटरवर चालवलं. सेकंदाला ब्याण्णव एमबी. खराब जागा एकही नाही. मेलेली डिस्क घोड्यासारखी धावत होती!

मग दसऱ्यानंतर ती रांगत का होती? ह्या प्रश्नाने भूमिकाला दोन दिवस जेवण गोड लागू दिलं नाही. तिने मोबाइलवर शोध शोध शोधलं. इंग्रजीतली लांबलचक भांडणं वाचली, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांची, सगळ्यांची डिस्क अशीच रांगलेली. आणि तिथे तिला सापडलं.

विंडोज काही स्वतः डिस्कशी बोलत नाही. मध्ये एक ड्रायव्हर असतो, डिस्कच्या कंट्रोलरला हाकणारा. जुन्या पद्धतीने लावलेल्या मशीनमध्ये हा ड्रायव्हर फार मानी असतो. केबलमधून माहिती चुकीची आली की तो नोंद ठेवतो. अशा सहा चुका झाल्या की वेगाची एक पायरी खाली. अजून सहा, अजून एक पायरी. शेवटी सगळ्यात खालची, पीआयओ नावाची, जिथे बैलगाडी बरी. आणि खरी गंमत पुढे. केबल नंतर कितीही चांगली केली तरी ड्रायव्हर परत वर चढत नाही. त्याला उपटून काढावं लागतं, म्हणजे विंडोज त्याला कोरा करकरीत परत बसवतं. तोपर्यंत तो सगळं लक्षात ठेवून बसतो.

'हा तर माझ्यासारखाच,' भूमिकाला वाटलं. त्या ड्रायव्हरबद्दल तिला एकदम माया आली.

त्याच आठवड्यात आत्याचा कॉम्प्युटर परत रांगायला लागला. नवी डिस्क असून! आत्याने कपाळावर हात मारला. "सोमवारी येतो बोललाय साईनाथ. दुसरीपण गेली वाटतं गो." आणि भूमिकाकडे संशयाने बघितलं. भूमिका तीन महिने त्या कीबोर्डच्या वाऱ्यालाही गेली नव्हती, तरी!

रविवारी दुकान बंद. आत्याने तिला किल्ली दिली, झाडून घे, कागदाचे गठ्ठे लाव. भूमिकाने शटर अर्धं वर केलं, झाडलं, गठ्ठे लावले, आणि मग कॉम्प्युटरचं झाकण काढलं. डिस्क नवी, पण लाल केबल जुनीच. सरने ती बदलली नव्हती, पुसलीही नव्हती. तिने केबलचं टोक उपसून उजेडात धरलं.

आत तांदळाची कणी अडकली होती. कुंकवाने लाल झालेली.

म्हणजे दसऱ्याला आत्याने डिस्क पुसताना केबल उपसली, बोटं ओढली, अक्षता टाकल्या आणि केबल परत दाबली. कणी तोंडात राहिली, केबल पुरती बसली नाही, ड्रायव्हर चुका मोजत गेला. नव्या डिस्कबरोबर ड्रायव्हरही कोरा आला, म्हणून मशीन काही दिवस पळाली, आणि त्याने परत पहिल्यापासून मोजायला घेतलं. आणि थप्पड कोणाला? भूमिकाला!

तिने टाचणीने कणी काढली आणि कंपासपेटीत ठेवली. केबल फुंकून, पुसून, टक्क आवाज होईपर्यंत घट्ट बसवली. ड्रायव्हरला मात्र हात लावला नाही. मशीन आता पूर्ण बरी होती आणि तरीही रांगत होती. ड्रायव्हर रुसूनच होता. राहू दे रुसलेला, सोमवारपर्यंत.

मग तिने काजलला फोन लावला. "काजे, सोमवारी डिस्क काढून पिशवीत घालून शहापूरला ये. कॉलेज बुडव."

सोमवारी लाइन पार गल्लीपर्यंत होती. साईनाथ सर आला, खुर्चीत बसला, चहा घेतला. भूमिकाने स्वतःच्या हाताने दिला, दोन चमचे साखर जास्त घालून. सरने दोन बटणं दाबली. तीच मान, तशीच हलली.

"गेली, वहिनी. डिस्क गेली. पोरीला परत बसू दिलंत का?"

"नाय हो सर, ती तिथं पिना मारते."

"मग लपून बसली असणार."

आत्या वळली. हात वर जाणार, तेवढ्यात भूमिका स्टुलावरून उठली. आवाज असा निघाला की तिलाच नवल वाटलं.

"सर, कॉपीला किती वेळ लागतो बघा ना. ह्या फॉर्मांच्या फोल्डरला."

"काय बघायचं? हे बघ, चाळीस मिनिटं दाखवतंय. मेलेली डिस्क."

"आणि ड्रायव्हर कुठल्या मोडवर चाललाय?"

"कसला मोड?"

"डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, सर. तुमी क्लास घेता ना?"

लाइनीतून कोणीतरी फिस्सकन हसलं. सर लाल झाला. "वहिनी, हिला गप करा."

"दोन मिनिटं, आत्या," भूमिका म्हणाली. "दोन मिनिटांत नाय झालं तर दोन्ही गालांवर मार." आणि तिने माउस हातात घेतला. डिव्हाइस मॅनेजर उघडलं, डिस्कचं चॅनल उघडलं, आणि सगळ्यांना दिसेल असा स्क्रीन फिरवला. "हे बघा, पीआयओ. सगळ्यात खालची पायरी. आता ह्याला काढून टाकते. आणि मशीन परत चालू करते."

मशीन बंद झाली. चालू झाली. तेवढ्या वेळात गल्लीत एक कुत्रं भुंकलं, तेही सगळ्यांना ऐकू आलं. भूमिकाने तेच फोल्डर परत कॉपीला लावलं.

सव्वा मिनिट.

हिरवी पट्टी सुर्रकन पुढे गेली. पुढेच उभे काळूराम बाबा, फॉर्मसाठी दोन तास ताटकळलेले, म्हणाले, "अगो बाय, हा तं उडाला!"

"नवीन डिस्क आहे, नवीन डिस्क पळणारच," सर उठत म्हणाला.

"आत्ता मेलेली म्हणालात ना?" भूमिका गोड हसली. "बरं, मग जुनी मेलेली. काजे, काढ गो."

काजल झेरॉक्स मशीनमागून पुढे आली आणि पिशवीतली डिस्क काउंटरवर ठेवली. 'टेस्टेड ओके' चं फाटकं स्टिकर, त्याखाली कुंकू.

"म्हशाच्या जत्रेत ह्यांच्याच स्टॉलवरून घेतली," काजल म्हणाली. "घरी मस्त चालते."

गिरजाआत्या काउंटरपाशी सरकली. तिने पदराला हात पुसला आणि उजवी बोटं हळूच त्या लाल रेघांवर ठेवली. चार बोटं बरोब्बर बसली. पाचवी जागा, ती अर्धवट, तिथे तिचं अर्धं बोट बसलं.

"साईनाथ," ती म्हणाली. 'सर' गळून पडलं होतं. "ही भंगारात टाकलेलीस ना?"

मागून महेंद्र पुढे घुसला. तो एका शाळेत क्लार्क. "आमच्या शाळेच्या चार डिस्क नेल्यास तू! त्यापण गेल्याच होत्या!" "माज्या पोराची पन!" "दुकान उघड तुजं, बगूया!" लाइनच वाकडी झाली.

सर दारापर्यंत सरकला आणि तिथून वळून शेवटचा बाण टाकला. "मग मोड खाली गेला कशाने? हां? ते सांग की पोरी! काहीतरी केलं असणारच तू!"

सगळे भूमिकाकडे बघायला लागले. आत्याही. कंपासपेटी तिच्या दप्तरात होती, दप्तर पायाशी. एक बोट घातलं की कणी बाहेर आली असती.

"तुमी केबलपण बघितली नाय," भूमिका म्हणाली. "मग तुमाला कशाला सांगू? तुमी मेंदी काढा, सर."

त्या हशाची सर मागच्या हशाला अजिबात नव्हती. महेंद्र आणि अर्धी लाइन सरच्या मागोमाग त्याच्या दुकानाकडे गेली, फॉर्म तसेच काउंटरवर टाकून. संध्याकाळपर्यंत पाटीवरचा क्लास कोणीतरी काळ्या रंगाने पुसून टाकला होता. भूमिकाने तो मुद्दाम वाट वाकडी करून, हळू चालत, दोनदा बघितला.

पण त्याआधी, दुपारी, दुकान रिकामं झाल्यावर आत्याने विचारलं, "खरं काय झालेलं गो?"

भूमिकाने कंपासपेटी उघडली आणि लाल कणी आत्याच्या तळहातावर ठेवली. आत्याने ती बोटाने उलटीपालटी केली. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"माजीच अक्षता."

"हां."

"मग तिथंच का नाय बोललीस? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर तू मारतेस, आत्या. मी नाय."

आत्याने मान खाली घातली. मग म्हणाली, "उद्यापासून बस खुर्चीत."

भूमिकाला वाटलं होतं, एवढ्यावर आपलं पोट भरेल. नाही भरलं. तीन महिने टाचण्या मारल्या होत्या तिने. "उद्या बसते," ती म्हणाली, "पण लाइन भरली की. आणि आधी तू सांगायचं. मोठ्याने."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लाइन गल्लीपर्यंत गेली. गिरजाआत्या काउंटरमागे उभी राहिली, दोनदा खाकरली, आणि पंचायतीत बोलावं तसं बोलली, "ऐका सगळ्यांनी. मशीन माज्या अक्षतांनी बिघडलेली. पोरीचं काय नव्हतं. मी उगाच मारली."

काळूराम बाबा कानावर हात धरून म्हणाले, "काय बिघडवली? मोठ्याने बोल गो, गिरजे!"

आत्याने भूमिकाकडे बघितलं. भूमिका खुर्चीत बसून गरागरा एक गिरकी घेत होती.

"त्यांना ऐकू नाय आलं, आत्या," ती म्हणाली. "परत सांग."