तेवीस खवले

शिंपीणबाई सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. काठावर चकचकीत बूट घातलेले मत्स्यखात्याचे साहेब आणि पुलावर त्यांचा टँकर, बाहेरच्या माशांच्या पिल्लांनी भरलेला. नदीत आपला महाशीर मासा उरलेला नाही, असं खात्याचा कागद म्हणत होता. तो आज खोटा पडला नाही, तर दुपारी टँकर रिकामा होणार. आणि ते खादाड एकदा नदीत शिरले की महाशीराची अंडीसुद्धा ठेवत नाहीत.

महाशीर नुकताच तिच्या गळाला लागला होता. गळाचा उलटा काटा ती कानशीने घासून काढायची, त्यामुळे जबड्याला इजा नव्हती. धाकट्या दिराने त्याला जाळीत, पाण्यातच धरलं होतं.

"वर आणा, खवले मोजतो," साहेब म्हणाले. "मिशा काय, दोघांनाही असतात. अंगाच्या मधल्या रेषेवर पंचविसाच्या आसपास भरले तर महाशीर, पस्तिसाकडे गेले तर बाहेरचा."

"मासा वर येत नाही, साहेब. तुम्ही खाली या."

साहेबांनी बूट काढायला इतका वेळ लावला की दीर पुटपुटला, "नवरदेवसुद्धा लवकर तयार होतो."

"आणि एक," ती म्हणाली, "त्याची कूस पाण्याबाहेर काढली की आपणही श्वास रोखायचा. आपला सुटला की त्याला पाण्यात सोडायचं."

पहिल्या खेपेला साहेब अकरावर घुसमटले. दुसऱ्या खेपेला तेवीसपर्यंत पोचले आणि धापा टाकू लागले. शेपटीकडचा भाग राहिलाच.

"वहिनी, अजून एकदाच," दीर काकुळतीला आला.

तिनं पुलाकडे पाहिलं. पण माशाचे कल्ले मंदावले होते. तिनं त्याचं तोंड प्रवाहाकडे वळवलं, त्याच्यात जोर येईपर्यंत धरलं आणि सोडून दिलं.

"मी न मोजलेलं लिहीत नाही, बाई," साहेब म्हणाले.

"लिहू नका." तिचे डोळे भरले होते, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

साहेब ओल्या विजारीनं काठावर आले. मग त्यांनी फोन लावला.

"टँकर परत न्या. महाशीर आहे असं मी म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. मोजणी अपुरी आहे. ती पुरी होईपर्यंत एकही पिल्लू सोडायचं नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. साहेबांनी शिंपीणबाईकडे पाहिलं.

"किती दिवस?" ते फोनमध्ये म्हणाले. "माझा दम बघता, हंगाम जाईल."