दुसऱ्या गिअरचा तुटका दात

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. एका लाल, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या पोटात मी आयुष्य काढलं. आता जळोचीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर उघडा पडलोय. झाकण काढलेलं, तेल निथळून गेलेलं आणि दुसऱ्या गिअरचा एक दात तुटलेला. त्या दातापायी एका भल्या माणसाच्या हातावर ठपका बसला. तो ठपका खोटा आहे. मला तोंड असतं तर मी केव्हाच ओरडून सांगितलं असतं. स्वभावानं मी तिरसट आहे, पण कुणाचं खोटं खपवून घेत नाही.

माझा जन्म परदेशातला, शर्यतीच्या गाड्यांसाठी झालेला. साध्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात. चालवणाऱ्याची चूक त्या बिचाऱ्या पोटात घालतात. मला त्या दिल्याच नाहीत. त्यामुळे माझ्याशी वागायची रीत वेगळी. वरच्या गिअरमधून खाली यायचं असेल तर क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून किंचित रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा नुसता खाली न्यायचा. इंजिनाचा आणि चाकांचा वेग जुळला असेल तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो. नसेल तर मी करकर दात खातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत करावं लागतं.

मला आणणारे साहेब वालचंदनगरच्या कॉलनीत राहायचे. तेव्हा काय कौतुक होतं माझं! साहेब गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. उंदरांनी गादी खाल्ली, माझं तेल काळं झालं, दुसरा गिअर गंजून गेला. आठ वर्षं कुणी दांड्याला हात लावला नाही. मग एक दिवस बुद्धघोष आबा आले आणि त्यांनी मला गाडीसकट ट्रॉलीत घालून जळोचीला आणलं.

आबा म्हणजे गिअर कापणारा कारागीर. बारामतीच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं आणि निवृत्त झाल्यावर घरामागं मशीन टाकलं. इंदापूर, पळसदेवपासून लोक कडबाकुट्टीचे नाही तर पंपाचे मोडके गिअर घेऊन यायचे. आबांनी कापलेला एकही गिअर कधी परत आला नव्हता. हीच त्यांची इस्टेट. पन्नाशीत तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. कानातलं यंत्र लावलं तर नुसता गोंगाट व्हायचा, म्हणून ते डबीतच राहिलं. घरातली माणसं त्यांच्याशी मोबाइलवर लिहून बोलायची. गाडीचं मात्र त्यांना सगळं दांड्यावर ठेवलेल्या तळव्यातून ऐकू यायचं.

माझ्यासाठी त्यांनी नवा दुसरा गिअर कापला. मग त्याला पाणी पाजलं. कोयत्याला पाजतात ना, तसंच. लोखंड लाल करून तेलात बुडवायचं, पुन्हा शेकायचं आणि वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबायचं. पाणी कमी झालं तर दात चेपतो, जास्त झालं तर काचेसारखा तुटतो. आणि रंग ओळखायचा तो डोळ्यानंच. आबांच्या डोळ्यांत तेव्हा काचबिंदू उतरायला लागला होता. त्यांनी तो गिअर उन्हात नेऊन चार वेळा फिरवून पाहिला. मी सांगतो मित्रांनो, पाणी अगदी बरोबर होतं. माझ्याच पोटात बसला होता तो, मला नाही कळणार तर कुणाला?

आबांची मुलगी प्रियदर्शनी. तिला शर्यतीची गाडी चालवायची होती. ती गाडी शिकली ती मामाच्या दुधाच्या पिकअपवर. आपल्याकडच्या पिकअपवाल्यांची खोड तुम्हाला माहीतच आहे. उतार दिसला की गाडी न्यूट्रलवर सोडायची, डिझेल वाचतं म्हणून. आबांनी तिची ही खोड मोडायला दोन वर्षं घातली. शेजारी बसून तिच्या हातावर हात ठेवायचे. गाडी थांबवून ती मोबाइलवर लिहायची, गिअर टाकला. आबा म्हणायचे, "टाकायचा न्हाय गं. पडू द्यायचा. त्याची वेळ झाली की तो आपसूक पडतोय." पोरगी हुशार. तिच्या हातात मीसुद्धा गप्प चालायला लागलो. खरं सांगतो, तिच्यावर माझा जीव जडला होता.

मग एका शर्यतीच्या संघानं गाडी चालवायला मुली निवडायचं ठरवलं. इंदापूरच्या बाजूला माळावर मातीचा रस्ता आखला होता. आबा दोरीपलीकडं उभे राहिले. प्रियदर्शनी निघाली ती झकास. तिसरा, चौथा, सगळं जुळून आलं. शेवटी एक उतार होता आणि त्याच्या तळाशी वळण. उतार दिसला आणि तिचा हात सवयीनं न्यूट्रलला गेला. तिथंच क्षणभर थांबला. गाडी मोकळी धावत सुटली, इंजिनाचा वेग पडला. वळण अंगावर आल्यावर ती भानावर आली. रेस द्यायची राहिली आणि तिनं दांडा दोन्ही हातांनी दुसऱ्यात कोंबला. माझ्या पोटात कडाड् झालं. गाडी वळणाबाहेर जाऊन मातीत रुतली. तिला खरचटलंही नाही. निवड मात्र हुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला बाकावर घेऊन झाकण काढलं. तुटका दात तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग तिच्याकडं बघून विचारलं, "काय झालं हुतं?"

ती रात्रभर रडली होती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. तिनं मोबाइलवर लिहिलं, "मी नीटच पाडला होता, बाबा. पाणी जास्त झालं असेल."

आबांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या मनातली भीती तिनं नेमकी लिहिली होती. "व्हय," ते म्हणाले, "रंग वळखायला चुकलो असंन." बस्स. त्या आठवड्यात त्यांनी मशीनवर पोतं टाकलं. कडबाकुट्टीचा गिअर घेऊन आलेल्या नागेशला दारातूनच माघारी पाठवलं, माझा हात गेला आता, म्हणून सांगितलं. अरे, कुठं गेला हात? माझा संताप संताप झाला. पण लोखंडाचा संताप कोण ऐकणार?

वर्ष असंच गेलं. प्रियदर्शनी रोज शेडच्या दारापर्यंत यायची आणि परत जायची. उद्या सांगू, परवा सांगू. भित्री कुठली! आणि रागावू तरी किती? वाळत चालली होती ती.

गेल्या रविवारी ती आत आली. आबा माझ्याजवळ स्टुलावर बसले होते. तिनं मोबाइलवर सगळं लिहून आणलं होतं. न्यूट्रल, राहिलेली रेस, खोटं, सगळं. अक्षरं मोठी केली होती. तिनं मोबाइल आबांच्या हातात दिला आणि हात जोडून उभी राहिली.

आबांनी तो जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडं वळवला. मग तिच्या हातात परत दिला.

"न्हाय दिसत गं पोरी," ते म्हणाले. "काय लिवलंय? तूच दाव वाचून. व्हटांवरनं कळतंय का बघू."

ती वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, रडत रडत, मोठ्यानं. आबांच्या कानात एक शब्द शिरत नव्हता की तिचे ओठ दिसत नव्हते, तरी ते तिच्या तोंडाच्या दिशेनं बघत मान हलवत होते. ती थांबली तसं ते समजुतीनं हसले.

"बरं, बरं," ते म्हणाले. "बघू सावकाश."

मित्रांनो, यंत्राला जपा. तेल वेळेवर बदला, दांड्याशी मारामारी करू नका. आणि तुमच्या हातून काही मोडलं तर मोडलं म्हणून त्याच दिवशी सांगा, समोरच्याला ऐकू येतंय, दिसतंय तोवर.