टपालात गुणगुणलेला भुंगा

मी एक जुना भुंगा आहे. दचकू नका मित्रांनो, मला पंख नाहीत आणि मी चावतही नाही. मुठीत मावेल एवढं माझं नळकांडं, एका टोकाला वाटोळी चकती आणि कुशीला एक बटण. बटण दाबलं की चकती थरथरते आणि मी गुणगुणू लागतो. ज्या माणसाचा आवाज आजारपणात कायमचा गेला आहे, तो मला गळ्याशी धरतो आणि ओठ हलवतो. गुणगुण माझी, शब्द त्याचे, अशी आमची भागीदारी. माझं खरं नाव लांबलचक आणि अवघड आहे. भुंगा हे लाडाचं नाव मला नंतर मिळालं आणि मला तेच आवडतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक तपासनीस बाई होत्या. प्रत्येक नवं यंत्र त्या स्वतःच्या गळ्याला लावून बघत. त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता, तरी त्या श्वास रोखून नुसते ओठ हलवत आणि म्हणत, "बोल रे बाबा." मी पहिल्याच खेपेला स्वच्छ बोललो. "शहाणा आहेस," असं म्हणून त्यांनी मला डब्यात ठेवलं. ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे.

माझे मालक न्हावी. त्यांच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत, एक जुनी आणि एक फार जुनी. आजारपणाआधी गिऱ्हाइकं त्यांना 'रेडिओ' म्हणत, कारण दुकान उघडलं की ते सुरू होत आणि कुलूप लागलं की बंद. मग त्यांच्या घशाला दुखणं झालं. शस्त्रक्रियेनंतर जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला एक छिद्र राहिलं आणि श्वास तिथूनच ये-जा करू लागला. मालकांनी दुकानात पाटी आणून ठेवली. पण तोंडाला फेस फासलेला आणि डोळ्यांवर केस आलेला माणूस पाटी वाचणार कशी? गिऱ्हाइकं येत, मुकाट्याने बसत आणि मुकाट्याने जात. मालकीणबाई सांगतात की त्या दिवसांत कात्रीचा आवाजसुद्धा कानाला बोचायचा.

मग मी आलो. मालकांनी मला गळ्याला लावलं तेव्हा खुर्चीत त्यांचा एक जुना मित्र होता. इतके दिवस साठलेलं बोलणं, आता काय बोलतील म्हणून सगळे कान टवकारून बसले. मालक म्हणाले, "मान सरळ ठेव." मित्राने मान सरळ ठेवली आणि तसाच आरशात बघत रडला. माझा आवाज काही गोड नाही, एका सुरात घुमतो. पण त्या दिवशी कुणीही नावं ठेवली नाहीत.

आता एक अडचण तुम्हीच ओळखा. न्हाव्याला दोन्ही हात लागतात, एकात फणी आणि एकात कात्री. मला धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून मालक थोडे केस कापत, फणी ठेवत, मला उचलत, एखादा किस्सा सांगत, मला ठेवत आणि पुन्हा फणी घेत. एकेका डोक्याला दुप्पट वेळ लागू लागला. गिऱ्हाइकं कुरकुरत आणि पुढच्या वेळी पुन्हा येऊन बसत. माझ्या मालकांचं मला भारी कौतुक वाटतं ते यासाठी. जे गेलं त्याचं त्यांनी रडगाणं गायलं नाही. जे हाती आलं त्यावर ते कामाला लागले.

त्यांची नात माझ्यानंतर जन्मली. ती परगावी राहते. रोज संध्याकाळी फोनवर आजोबांशी बोलते आणि तिच्या लेखी आजोबांचा आवाज म्हणजे मी. एकदा कुठेतरी दाढीचं यंत्र घुमलं तर ती दुडदुडत तिकडे धावली आणि "आजोबा!" म्हणाली. ही हकिगत ऐकून मी दिवसभर फुशारकीत होतो.

पण दुकानात राहायचं म्हणजे केस आणि साबणाचा फेस आलाच. बारीक केस माझ्या बटणाच्या फटीतून आत जात राहिले. आधी मी अडखळू लागलो, मग बटण रुतलं आणि एके सकाळी माझी बोलतीच बंद झाली. संध्याकाळी फोन वाजला. मालकीणबाईंनी नातीला परोपरीने समजावलं. पलीकडून एवढंच आलं, "आजोबा माझ्यावर रुसलेत का?" मालक फोनजवळ उभे होते. त्यांचे ओठ हलले आणि मला गुणगुणता आलं नाही. मित्रांनो, निकामी होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

गावातल्या दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, बघितलं आणि हात जोडले. मला फक्त माझ्या कारखान्यात दुरुस्त करता येणार होतं, आणि तो इतका दूर की टपालाशिवाय इलाज नव्हता. मालकीणबाईंनी मला फडक्यात गुंडाळलं. बॅटरी काढली, कागदाच्या पुडीत बांधली आणि माझ्या शेजारी ठेवली. डब्यावर चारी बाजूंनी लाल शाईत 'नाजूक' लिहिलं आणि दोघं टपाल कचेरीत गेली.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे? बॅटरी आहे का?"

"आहे ना! काढून बाजूला ठेवली आहे," मालकीणबाई अभिमानाने म्हणाल्या.

"मग घेता येणार नाही. सुटी बॅटरी चालत नाही."

"अहो, काळजी म्हणून तर काढली!"

"तिथंच तर सगळे चुकतात. सुट्या बॅटरीला कुठं लोखंड लागलं तर ती तापते. अख्खी गोणी पेटू शकते. यंत्रात नीट बसवलेली असली तर घेऊ, पण मग बटण आपोआप दाबलं जाता कामा नये. नाहीतर बॅटरी घरीच ठेवा."

मालक हातवारे करून काही सांगू बघत होते. मला त्या बाईंचा राग आला. पण त्या मालकांच्या गळ्याकडे बघून थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अजून एक सांगते, काकू. नुसतं 'नाजूक' लिहून भागत नाही, इथं प्रत्येक डबा नाजूकच असतो. या काउंटरवरून खाली पडला तरी काही होणार नाही, असा बांधून आणा." माझा राग तिथल्या तिथे विरघळला.

मालकीणबाईंनी बॅटरी घरी ठेवली आणि मग जे केलं ते मी आजन्म विसरणार नाही. त्यांनी माझ्या जागी डब्यात अंडं ठेवलं, भोवती चिंध्या कोंबल्या आणि डबा टेबलावरून खाली ढकलला. अंडं फुटलं. कागदाचे बोळे भरले, तरी फुटलं. घरात रोज ऑम्लेट होऊ लागलं. शेवटी त्या दुकानात गेल्या आणि फार जुन्या खुर्चीच्या गादीकडे बघू लागल्या. ती मालकांच्या वडिलांची खुर्ची. पण मालकांनी स्वतःच कात्री पुढे केली. त्या जाड गादीत मालकीणबाईंनी माझ्या अंगाच्या मापाचा खळगा केला, आणि माझं रुतलेलं बटण आणखी आत दाबलं जाऊ नये म्हणून त्याच्यापुरती वेगळी खाच ठेवली. डबा ढकलला. अंडं शाबूत! मग अंड्याच्या जागी मी.

प्रवासाचं काय सांगू? मी घसरगुंडीवरून गेलो, गोणीत पडलो, गोणीसकट गाडीत फेकला गेलो. अंगावर कसली तरी जड पेटी येऊन बसली. माझ्या शेजारी एक कॅमेरा होता. त्याच्या मालकाने त्याला नुसत्या डब्यात घालून चिकटपट्टी मारली होती. पहिल्याच आपटीत त्याच्या पोटात काहीतरी सुटलं आणि ते वाटभर खुळखुळत राहिलं. मला त्याची फार दया आली. गोण्या उचलणाऱ्यांना तरी काय बोलू? त्यांच्या पाठी वाकलेल्या होत्या आणि गोण्या संपत नव्हत्या. मी आपला खुर्चीच्या गादीत सुखरूप होतो.

कारखान्यात एका तरुण कारागिराने माझ्या पोटातून केसांचे पुंजके काढले, काळे, पांढरे, मेंदी लावलेले. तो खूप हसला. त्याने मला नवं बटण बसवलं. पार्सल उघडताच बोलता यावं म्हणून नवी बॅटरीही आतच घातली. मुलगा मनाचा चांगला होता. फक्त डब्यात ठेवताना त्याने गादी उलटी ठेवली आणि खाच भलतीकडे गेली.

परतीच्या वाटेवर पार्सलं निवडायच्या मोठ्या दालनात कुणीतरी माझ्यावर जड खोकं टाकलं. बटण दाबलं गेलं आणि मी गुणगुणू लागलो. थांबताच येईना! एका क्षणात दालनातली माणसं मागे सरली. गुणगुणणारं पार्सल पाहून सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं. "मी भुंगा आहे हो," असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मित्रांनो, शब्द माझ्याकडे नसतातच.

तिथल्या साहेबांनी लांबूनच पार्सलावरचा नंबर वाचून घेतला, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्याचा स्पीकर सुरू केला. "हॅलो, टपालातून बोलतोय. तुमच्या पार्सलात काय आहे?"

उत्तर आलं नाही. नुसता श्वास येत होता, गळ्यातून फुसफुसणारा. मी तो श्वास ओळखला.

"अहो, बोला की काहीतरी!"

बोलणार कसे? त्यांचं बोलणं तर इथे डब्यात अडकलं होतं! मग पलीकडून कात्री वाजू लागली. कच, कच, कच. माझे मालक कात्रीने हाका मारत होते.

"कोणीतरी चेष्टा करतंय," साहेब वैतागले. "ठेवतो फोन. तपासणीवाल्यांना बोलवा. ते मैदानात नेऊन डबा उडवून देतील."

"थांबा साहेब," पार्सलं निवडणारी एक बाई म्हणाली. "कुणाला तरी काहीतरी सांगायचंय."

तेवढ्यात फोनमधून एक चिमुकला आवाज आला. सुट्टी लागली होती आणि नात आजोळी आली होती. "कोण बोलतंय? आजी बाजारात गेलीय. आजोबांना बोलता येत नाही. त्यांचा भुंगा गावाला गेलाय."

त्या बाईने साहेबांच्या हातातून फोन घेतला. सगळे नको नको म्हणत असताना ती एकटी पुढे आली आणि तिने फोन माझ्या डब्याला टेकवला. मी जीव तोडून गुणगुणलो.

"आजोबा!" नात किंचाळली. "आजोबा, तुम्ही डब्यात आहात!"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मग तिकडे दुकानात खुर्चीत बसलेल्या, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने फोन घेतला आणि सगळा उलगडा केला. दालनात सगळेच हसले.

साहेबांनी नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर डबा उघडला. त्या बाईने गादीवरून हात फिरवला, खाच पाहिली आणि म्हणाली, "जिनं कुणी ही कापली तिनं सगळा विचार केला होता." तिने गादी सुलटी केली आणि माझ्या बटणावर बाटलीचं झाकण ठेवून वरून पट्टी मारली. आत बॅटरी असल्याचं लेबलही लावलं. साहेबांनी सवयीने डबा गाडीत फेकायला हात उचलला. मग ते थांबले, वाकले आणि त्यांनी मला हळूच ठेवलं.

मी घरी पोहोचलो तेव्हा नात मालकांच्या मांडीवर होती. मालकांनी झाकण काढलं, मला गळ्याला लावलं आणि तिच्याकडे बघितलं.

"मी रुसलो नव्हतो गं," ते म्हणाले. "टपालात गेलो होतो."

आता मी म्हातारा झालो आहे. अंगावर त्या जड खोक्याने पाडलेला एक पोचा आहे, त्याचा मला अभिमान आहे. फार जुन्या खुर्चीवर मालकीणबाईंनी नवी गादी शिवली. उरलेला तुकडा अजून माझा बिछाना आहे. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी एखादं यंत्र दूर पाठवाल. त्याची बॅटरी कशी न्यायची ते आधी विचारा, आणि विचारल्यावर ऐका. त्याला अंगाच्या मापाची जागा द्या. डबा बंद केला की कानाशी धरून हलवा. आत कुणी बोललं, तर पुन्हा उघडा आणि नीट बांधा. आम्ही बोलायचं असतं ते पोहोचल्यावर.