नावासकट चिठ्ठी

माझी जीभच झडायला हवी होती त्या दिवशी!

जामखेडच्या शिक्षक-प्रशिक्षणाहून परतले ती लई तोऱ्यात. चौथीच्या पोरांना शिकवलं, एखाद्या वेळी खोडी काढली तर ते भांडण, पण रोज ठरवून एकालाच गाठलं तर तो छळ. मग गप्प बसायचं नाही. चिठ्ठी लिहायची, नाव घालून, आणि बाईंना द्यायची.

तिसऱ्याच दिवशी रुपालीनं दिली. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. "पोरीला नेऊ नका, शाळा बुडेल, मी बघते तिच्याकडं," असं विनवून मीच तिला आजीपाशी, झुंबरबाईंपाशी, ठेवून घेतलं होतं. चिठ्ठीत होतं, 'समर्थ रोज माझ्या खिचडीत माती टाकतो. कोयत्याची पोर म्हणतो. सगळे हसतात.'

माझं डोकंच फिरलं. पोराला बाजूला घेऊन बोलावं, एवढी साधी अक्कल! पण छे. दुसऱ्या दिवशी परिपाठात, सुविचार आणि बातम्या झाल्यावर, मी ती चिठ्ठी सगळ्या शाळेपुढं खणखणीत वाचली. नावासकट. समर्थची मान खाली गेली, आणि मला वाटलं, जिंकले!

समर्थ आबासाहेबांचा नातू. आबासाहेब शाळा समितीचे अध्यक्ष, आणि झुंबरबाईंच्या वस्तीला पाणी त्यांच्याच बोअरचं.

संध्याकाळी झुंबरबाई रिकामा हंडा घेऊन दारात. "बाई, आमचं पानी बंद केलंय. पोरीनं समद्यांम्होरं माफी मागावी म्हनत्यात."

मी आबासाहेबांकडं गेले. भांडायला गेले, बरं का! त्यांनी चहा पाजला. "पोराटोरांचं काय एवढं मनावर घेता, बाई? परवा साहेब भेटले हुते. तुमच्या बदलीचं बोलू का?" हसतच म्हणाले. मी चहा संपवला आणि घरी आले.

शनिवारी रुपालीनं परिपाठात माफी मागितली. वाक्य मीच पाठ करून घेतलं होतं. पोरं हसली. मी कुणालाच दटावलं नाही.

पाणी सुरू झालं, पण रुपाली शाळेत येईना. चार दिवसांनी मुकादमाचा टेम्पो आला. झुंबरबाई तिला आईकडं, उसाच्या फडावर धाडत होत्या. मी धावत गेले, तिचा हात धरला आणि रडायलाच लागले.

रुपालीच म्हणाली, "रडू नका बाई. माजंच चुकलं. मी सांगायलाच नको हुतं."

एवढंच शिकून गेली पोरगी माझ्याकडून.