ताबा नको

कोर्टात शिरताना वकीलबाईंनी मला बजावलं, "आज जिभेला आवर घाला. विचारलं तर हो किंवा नाही, बस्स." मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, दिवसभर गप्प बसायची सवय आहे मला. पण नवऱ्याने अर्जात मला 'भांडकुदळ' म्हटलं होतं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

घटस्फोटाला आम्ही दोघंही राजी होतो. घोडं अडलं होतं ते चिमीपाशी. आठ वर्षांची माझी लेक माझ्याकडे राहत होती, आणि आता नवऱ्याला ती हवी होती. ती गेली, तर मला रविवारी तासभर तिला भेटायला मिळणार, तेही बागेतल्या बाकावर.

न्यायाधीशांनी विचारलं, "मुलीचा ताबा कोणाला हवाय?"

"मला," नवरा ताडकन म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

"ताबा नको," मी म्हटलं.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. कोपऱ्यातल्या टायपिस्टची बोटं चालू झाली.

"थांबा, लिहू नका!" मी ओरडलेच. "ताबा खोलीचा घेतात, साहेब. घरमालकाने आमच्या जुन्या खोलीचा घेतला, तेव्हा आधी कुलूप बदललं. माझी लेक काय खोली आहे? मला तिला सांभाळायचंय. सांभाळ लिहा."

"बाई, कायद्याचा शब्द ताबा हाच आहे."

"असेल. कायद्याने कधी तिच्या उवा काढल्या नाहीत."

वकीलबाईंनी माझी बाही ओढली. आता हाकलतात, असं मला वाटलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते नवऱ्याकडे वळले.

"बरं, यांच्या शब्दात विचारतो. मुलीला सांभाळणार कोण?"

"सांभाळायला आई आहे की माझी," नवरा सहज बोलून गेला.

मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. लग्नापासून त्यांनी माझ्याबद्दल एक गोड शब्द काढलेला नव्हता. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

"मला विचारलं का कोणी?" त्या कडाडल्या. "उठता-बसता गुडघे धरते मी. आणि याला सांभाळून मी काय दिवे लावले, ते दिसतंच आहे सगळ्यांना. पोर तिच्या आईकडेच राहू दे. ही भांडकुदळ आहे, पण पोरीसाठी भांडते."

नवऱ्याने वळून आईकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कागदावर शेवटी 'ताबा' हाच शब्द आला. पण त्याच्यापुढे लिहिलं होतं, आईकडे. मी ते बोट ठेवून दोनदा वाचलं आणि मला रडू फुटलं.

"आता तरी मुकाट्याने सही करा," वकीलबाई म्हणाल्या.

सही केली. मुकाट्याने नाही.